बांधाबांधाने चालणारी होडी

६ जानेवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. पाण्याचे तापमान एकवीस पूर्णांक चार दशांश अंश, वारा नाही, आकाश निरभ्र. या नोंदीखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती: ‘नावाडी वेळेआधी हजर, बोलत नाही.’ पुढच्या साडेतीन महिन्यांत या ओळीचा दुसरा भाग चुकीचा ठरला. पहिला कधीच नाही.

नावाड्याचे नाव बुधाजी. वय विचारले तेव्हा त्यांनी “धरन भरलं तवा माझी थोरली रांगत व्हती” असे उत्तर दिले आणि त्यावरून मी सत्तरीचा अंदाज बांधला. खर्डीहून आत, धरणाच्या पाण्याच्या काठी त्यांचा पाडा आहे. मी वाशिंदची. आठवड्यातून दोनदा पहाटे स्कूटरवरून हे अंतर कापून मी काठावर पोहोचे, तेव्हा बुधाजी होडीत बसून पाणी उपसत असत आणि त्यांच्या चपला काठावरच्या एका सपाट दगडावर जोडीने ठेवलेल्या असत. होडीत ते अनवाणी असत. कारण विचारण्याइतकी ती गोष्ट मला महत्त्वाची वाटली नव्हती.

माझे संशोधन जलाशयाच्या तळाशी साठणाऱ्या गाळावर होते. धरण होण्यापूर्वीच्या नकाशावरून दरीच्या जमिनीची मूळ उंची कळते. आज त्याच जागी खोली मोजली की दोन्हींच्या फरकातून गाळाची जाडी मिळते. मी जलाशयाच्या एका फाट्यावर चौकटी आखून अठ्ठेचाळीस बिंदू ठरवले होते. प्रत्येक बिंदूवर जायचे, विजेच्या यंत्राने खोली मोजायची, शिसे बांधलेली दोरी सोडून ती ताडून पाहायची, चिखलाचा नमुना घ्यायचा आणि पुढे सरकायचे. कागदावर हे काम सहा आठवड्यांचे होते. कागदावर बुधाजी नव्हते.

होडी चौदा फुटी, सपाट बुडाची, सागाच्या फळ्यांची. फळ्यांच्या फटींत कापूस आणि डांबर भरलेले असले तरी ती गळत असे. मी मोजले: तासाला अकरा डबे. गळतीचा उगम शोधून तो बंद करता येईल, असे मी सुचवले तेव्हा बुधाजींनी डबा पालथा करीत म्हटले, “गळते म्हनजे फळी जिती हाय, बाय. सुकली का फाटली.”

जलाशयात तीन बेटे आहेत. पाणी वर चढले तेव्हा ज्यांचे माथे बुडाले नाहीत त्या या टेकड्या. माझ्या प्रबंधात त्यांना बेट क्रमांक एक, दोन आणि तीन अशी नावे होती. बुधाजींना बेट हा शब्दच मान्य नव्हता.

“बेट कसलं गो. टेकडी हाय. बाजूला पानी आलंय.”

पाणी आलेले आहे, म्हणजे ते पाहुणे आहे, अशी त्यांची एकंदर धारणा होती. त्यामुळे पाण्यावर असताना ते पाण्याविषयी क्वचितच बोलत. ही खळ्याची जागा, ही विहीर, इथून चढ लागतो, असे ते सांगत. चढ लागतो म्हणताना त्यांचे वल्हे खरोखर जड पडे. मी दोन वेळा वेग मोजून पाहिला. तथाकथित चढावर होडी ताशी तीनशे मीटरने मंद होत होती. याचे जलशास्त्रीय स्पष्टीकरण मला सापडले नाही.

पहिला अपघात माझ्यामुळे झाला. बिंदू नऊ ते बिंदू दहा हे सरळ अंतर सहाशे मीटर होते आणि बुधाजी ते एक किलोमीटर फिरून कापत. मी जीपीएसचा पडदा त्यांच्यासमोर धरला, सरळ रेषा दाखवली आणि वाचणाऱ्या वेळाचा हिशेब सांगितला. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले.

“सरळ?”

“सरळ.”

“बरं.”

साडेतीनशे मीटरवर होडीच्या बुडाखाली करकर आवाज झाला आणि ती थांबली. पुढे जाईना, मागे येईना, फक्त गोल फिरे. पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर एका वाळलेल्या झाडाचा शेंडा होता आणि आम्ही त्यावर बसलो होतो.

“गनपाचा आंबा,” बुधाजी म्हणाले आणि शिदोरी सोडू लागले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला व्हतं. तुला नव्हतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू यंत्र दावलंस. मला वाटलं त्यात आंबा दिसत आसंल.” त्यांनी भाकरीचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. “खा. गोड व्हता गनपाचा आंबा.”

तासाभराने त्यांनी मला होडीच्या एका टोकाला उभे केले, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले आणि दोघांनी आळीपाळीने वजन टाकल्यावर होडी सुटली. धरण भरले तेव्हा दरीतली बरीच झाडे न तोडता तशीच राहिली होती, हे मला त्या दिवशी कळले. बुधाजी वळसे घेत ते बुडालेल्या गाडीवाटेने. वाटेवर झाड नसते. यानंतर मी त्यांना रस्ता सांगणे बंद केले. हा निर्णय विनयातून नव्हे, निरीक्षणातून घेतला होता.

दुसरा अपघात मार्चमधला. दुपारी अडीचला बेट क्रमांक दोनजवळ अचानक पश्चिमेचा वारा सुटला, होडी दगडावर आपटली आणि एक वल्हे मधोमध मोडले. आम्ही टेकडीवर चढून बसलो. बर्फाच्या पेटीत माझे चोवीस नमुने होते आणि बर्फ पाच वाजेपर्यंत पुरणार होता. मी उभी राहून वाऱ्याचा वेग मोजत होते, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजत होते. बुधाजी करवंदीच्या सावलीला आडवे झाले होते.

“मोजून कमी व्हतो काय त्यो?” त्यांनी डोळे न उघडता विचारले.

“कधी थांबेल याचा अंदाज येतो.”

“वारा दमतो. आपन दमायचं नाय, बसायचं.”

वारा सव्वाचारला दमला. बुधाजींनी होडीतली बसायची फळी उपसून तिचे वल्हे केले आणि माझ्या हातात बर्फाच्या पेटीचे झाकण दिले. एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर अंतर आम्ही दोन तास चाळीस मिनिटांत कापले. नमुने वाया गेले. काठावर उतरल्यावर ते चपला घालत म्हणाले, “झाकन चांगलं मारतेस. पन एकाच बाजूनं मारतेस.” साडेतीन महिन्यांत माझ्या वाट्याला आलेली ही एकमेव प्रशंसा.

मार्चअखेर मी सर्व फेऱ्यांचे जीपीएस मार्ग एकाच पडद्यावर एकत्र केले. गाडीवाट स्पष्ट उमटली होती, आंब्याला घातलेले वळसेही दिसत होते. पण फाट्याच्या मध्यभागी, जिथे जुन्या नकाशाप्रमाणे सगळ्यात सपाट जमीन होती आणि एकही झाड नव्हते, तिथे आमच्या रेषा एका कोपऱ्यात काटकोनात वळत, सरळ जात, पुन्हा काटकोनात वळत. तीन महिन्यांच्या रेषांनी मिळून पाण्यावर एक कोरा आयत आखला होता. बिंदू एकतीस त्या आयताच्या आत होता. तिथे जायला निघालो की काहीतरी निघे: ऊन चढले, वारा येतोय, पुढच्या खेपेला जाऊ. माझ्या तक्त्यात सत्तेचाळीस घरे भरली होती.

मी पडदा त्यांच्यासमोर धरला. या वेळी त्यांनी तो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

“राघोचं शेत,” ते म्हणाले. “बराबर आलंय.”

राघो हे त्यांचे चुलत भाऊ. धरणाआधी, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, बुधाजींनी वळसा वाचवण्यासाठी आपली बैलगाडी राघोंच्या खाचरातून घातली होती. चाकाने बांध फुटला, खाचरातले सगळे पाणी वाहून गेले आणि लावलेली रोपे उन्हात करपली. पाड्यातली म्हातारी माणसे जमली. बुधाजींनी त्यांच्यासमोर शब्द दिला की राघो म्हणेपर्यंत त्याच्या शेतात पाय टाकणार नाही, बांधाबांधाने जाईन. त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि धरणाचे पाणी आले. राघो मुरबाडकडे, सरळगावाच्या पुढे, सासुरवाडीच्या गावी जाऊन राहिले. लग्नामरणात दोघांची भेट होत असे. शेताचा विषय कोणी काढला नव्हता.

मी म्हटले, “काका, शेत पाण्याच्या तळाशी आहे. आपण वर असतो. दहा मीटरचं अंतर आहे मध्ये.”

“हाय ना.”

“मग पाय कुठे पडतो?”

“तू इमानातनं कुनाच्या घरावरनं गेलीस, तर त्यो काय बोलनार नाय. त्याला ठावंच नाय तू कोन. मी कोन ते राघोला ठावं हाय.”

“राघोकाका मुरबाडला आहेत.”

“म्हनून काय झालं?”

माझ्या युक्तिवादात चूक नव्हती. त्याचा उपयोग नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मार्गदर्शक बाईंचा फोन आला. सगळ्यात सपाट जागीच गाळ सगळ्यात जास्त बसतो, आणि नेमकी तीच जागा कोरी ठेवून शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधला तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, असे त्यांनी सांगितले. ते बरोबर होते. महिनाअखेर बिंदू एकतीस झाला नाही तर कल्याणहून इंजिनची रबरी बोट येणार होती आणि पुढच्या वर्षीचे कामही त्याच बोटीने होणार होते.

मी हे बुधाजींना जसेच्या तसे सांगितले. होडीला माझ्याखेरीज दुसरे काम उरलेले नव्हते. मासे धरणाऱ्यांच्या स्वतःच्या होड्या आहेत, पलीकडच्या पाड्याला रस्ता झाला आहे. वाशिंदच्या कारखान्यात जाणारा त्यांचा नातू शेळ्यांच्या गोठ्यासाठी होडीच्या फळ्या मागत होता, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होते.

बुधाजींनी तीन डबे पाणी उपसले.

“मंग पान्यातनं वर घ्यावी लागंल हिला,” ते म्हणाले.

“दुसऱ्या कोणाला वल्हवायला सांगू? तुम्ही तेवढ्यापुरते काठावर थांबा.”

“होडी माझी ना? मंग गेलो मीच.”

“मग राघोकाकांना विचारू.”

त्यांनी होडी काठाला लावली. चपला पायांत सरकवल्यावर म्हणाले, “इचारायचं तर मी इचारायचं. तू गप बसायचं.”

आम्ही शहापूरहून एसटीने गेलो. अडकलेल्या होडीत निवांत भाकरी खाणारा हा माणूस किन्हवलीच्या अलीकडच्या वळणांवर खिडकीतून दोनदा ओकला. सरळगावला उतरल्यावर त्यांनी नळावर तोंड धुतले, टोपी झटकली आणि “डायवरला वाट म्हाईत नाय” असा निष्कर्ष काढला.

राघो पडवीत सुपात वाल पाखडत बसले होते. बुधाजींना पाहून त्यांनी सूप खाली ठेवले.

“बुध्या? कोन गेला?”

“कोन नाय गेला. काम व्हतं.”

“ही कोन?”

“शिकते. पानी मोजते धरनातलं.”

“पानी मोजायला शिकावं लागतं?”

मी गप्प बसले. ठरले तसे.

पुढची पंचवीस मिनिटे वाल, म्हैस, राघोंच्या सुनेचे बाळंतपण आणि बुधाजींच्या गुडघ्याबद्दल बोलण्यात गेली. चहा आला, संपला. मग बुधाजी कपाकडे पाहत म्हणाले, “तुझ्या शेतावरनं जायाचं व्हतं.”

“कुठल्या?”

“खालच्या.”

राघोंच्या हातातले वाल सुपात पडले. “गाडी घेऊन?”

“होडी.”

“एवढी वर्सं कुठनं जातूस?”

“बांधाबांधानं.”

“पान्यावरनं?”

“हां.”

राघोंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पडदा पिशवीत होता, पण तो काढण्याची गरज मला वाटली नाही.

“म्हातारे समदे मेले, बुध्या. कोन बघत व्हतं तुला?”

“तू व्हतास की.”

“मी हितं.”

“व्हतास ना पन.”

राघो बराच वेळ वाल चिवडत राहिले. नकार आला तर होडी त्याच आठवड्यात वर निघणार होती आणि ते बुधाजींनी त्यांना सांगितले नव्हते. सांगणारही नव्हते. मी सांगू शकले असते. मी कपाच्या कडेवरचा टवका पाहत राहिले.

“हितं बसून जा म्हनायचं म्हनजे काय,” राघो अखेर म्हणाले. “शेत तरी बघाया पायजे. शेतावर जाऊन सांगीन.”

“आन नाय म्हनलास तर?”

“तर नाय.”

“बरं,” बुधाजी म्हणाले.

२४ एप्रिलला सकाळी राघो इस्त्रीचा सदरा घालून काठावर आले. गाव सोडल्यापासून ते या पाण्यावर आलेले नव्हते. बुधाजींच्या चपलांशेजारी त्यांनी आपल्या चपला ठेवल्या आणि होडीत बसताच दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या.

“ही गळते.”

“गळते.”

“आन तू हिच्यात ह्या पोरीला फिरवतूस?”

“ती झाकन मारते चांगलं.”

वाटेत, खळ्याच्या जागेजवळ, राघो अचानक उभे राहिले. त्यांना आपल्या घराची जागा ओळखायची होती. होडी कलंडली, डाव्या कडेवरून पाणी आत आले आणि खोली मोजण्याचे माझे विजेचे यंत्र त्यात बुडाले. त्याचा पडदा एकदा उजळला आणि विझला. बुधाजींनी राघोंचा सदरा मागून धरून त्यांना खाली बसवले.

“घर बघाया उभं कशाला राह्यचं? खाली हाय ते.”

माझ्याकडे आता फक्त दोरी आणि जीपीएस होते. बिंदू एकतीससाठी तेवढे पुरेसे होते.

आठ वाजून चार मिनिटांनी बुधाजींनी वल्ही थांबवली. भोवती सगळीकडे सारखेच पाणी होते.

“हितं तुझा बांध.”

“कशावरनं?”

“समोर वाकड्या टेकडीचा कडा. मागं तुझी चिंच.”

राघोंनी मागे वळून पाहिले. “चिंच कुठं हाय?”

“नाय आता. पन तिकडंच व्हती.”

राघो त्या दिशेला काही वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलवली. मी जीपीएसवर पाहिले: आम्ही त्या कोऱ्या आयताच्या रेषेवर होतो, चार मीटरच्या फरकाने.

“आता काय म्हनतूस?” बुधाजींनी विचारले.

“मधी घे. मग सांगतो.”

“तू म्हनल्याबिगर मी मधी कसा घेऊ?”

“आन मधी गेल्याबिगर मी कसा सांगू?”

हा पेच मला सुटण्यासारखा वाटला नाही. बुधाजींनी तो सोडवला. त्यांनी दोन्ही वल्ही उचलून राघोंच्या मांडीवर ठेवली.

“शेत तुझं. तू मार.”

जागांची अदलाबदल आम्ही बसून, सरकत केली. बुधाजी पुढच्या फळीवर आले, दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली आणि हात गुडघ्यांवर ठेवले. स्वतःच्या होडीत प्रवासी म्हणून बसलेले मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. राघोंना वल्हवता येत नव्हते. होडी दोनदा जागच्या जागी गोल फिरली.

“नांगर पन असाच धरायचास,” बुधाजी म्हणाले.

“गप. माझ्या शेतात तू बोलू नको.”

बुधाजी गप्प झाले. होडी वाकडीतिकडी पुढे सरकू लागली. उपसणारे कोणी नसल्यामुळे बुडाशी पाणी घोट्याच्या वर आले होते. डबा बुधाजींच्या फळीखाली तरंगत होता आणि तो घ्यायला त्यांना पाय खाली टाकावा लागला असता. मी हात लांबवून तो ओढला आणि उपसू लागले. नऊ डबे झाले तेव्हा जीपीएसने बिंदू गाठल्याची खूण दिली.

“थांबा,” मी म्हटले.

राघोंनी वल्ही आडवी घेतली. ते कडेवरून वाकले. पाणी हिरवट होते, दीड मीटरच्या पुढे काही दिसत नव्हते. त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला, काढला, हाताकडे पाहिले.

“किती खाली आसंल?” त्यांनी मला विचारले.

मी शिसे सोडले. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ होती. राघो प्रत्येक गाठ मोठ्याने मोजू लागले, धान्याची मापे मोजावीत तशी, सावकाश, एकही न गाळता. अठरावी गाठ पाण्याखाली गेली, एकोणिसावी गेली, आणि तिच्या थोड्या पुढे दोरी सैल पडली.

“टेकलं?”

“टेकलं.”

राघोंनी मान वर केली तेव्हा त्यांची नजर समोर फळीवर मांडी घालून बसलेल्या बुधाजींवर गेली. ते ताठ बसले होते. दुमडलेला दुखरा गुडघा त्यांनी हाताने दाबून धरला होता.

“पाय खाली ठेव रं,” राघो म्हणाले.

बुधाजी हलले नाहीत. “म्हनतूस?”

“म्हनतो.”

बुधाजींनी आधी उजवा पाय खाली ठेवला, मग डावा. होडीच्या बुडातले पाणी त्यांच्या घोट्यांभोवती हलले आणि स्थिर झाले. मग त्यांनी माझ्याकडे हात पसरला. मी डबा दिला. ते उपसू लागले.

मी दोरी पाण्याच्या रेषेवर चिमटीत धरली, वर घेतली, शेवटच्या गाठीपुढचे अंतर पट्टीने मोजले आणि तक्त्याचे शेवटचे घर भरले. बिंदू एकतीस, आठ वाजून एकतीस मिनिटे. खोली नऊ पूर्णांक सात दशांश मीटर.